फळ्यावर लिहिणारा हात आणि ब्लाउजचा मुंढा

पुणे,
१२ मे

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र पोचलं. जूनपासून ज्युनिअर कॉलेजवर रुजू होतेस, आठवड्यातले चार दिवस साडीच नेसायची ठरवलंस, आणि कपाटातल्या साड्या बघून "नव्या किती घेऊ?" असं विचारलंस. माझं उत्तर आधी सांगते: यंदा साडी एकही घेऊ नकोस. बाजूला काढलेले पैसे ब्लाउजच्या शिलाईवर आणि परकरांवर खर्च कर. रोज साडी नेसणाऱ्या बाईला साडीचा त्रास फारसा होत नाही. त्रास होतो तो काखेत कापणाऱ्या ब्लाउजचा आणि चालताना पायात येणाऱ्या परकराचा.

आता तुझ्या कामाचा विचार कर. तू दिवसातून चार-पाच तास उजवा हात वर करून फळ्यावर लिहिणार. वर्गाकडे पाठ आणि हात डोक्याच्या वर, हीच तुझ्या ब्लाउजची परीक्षा. आरशासमोर हात खाली सोडून छान बसलेला ब्लाउज हात वर गेला की दोन इंच वर सरकतो, पाठ उघडी पडते, आणि दर ओळीनंतर तो खाली ओढावा लागतो. यावर बहुतेक जणी शिंप्याला सांगतात, "मुंढा मोठा करा, हात अडकतो." तिथेच चूक होते. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, खोल कापला की बाही थेट अंगाच्या कापडाला ओढते, त्यामुळे हात वर गेला की सगळा ब्लाउज बरोबर वर जातो. मुंढा काखेच्या जवळ हवा, काखेखाली जेमतेम अर्धा ते पाऊण इंच जागा सोडून. हात अडकतो तो बाही दंडाला घट्ट असल्यामुळे आणि बाहीच्या वरच्या गोलाईमुळे. म्हणून बाही दंडाला एक इंच सैल ठेवायला सांग आणि मुंढा वर घ्यायला सांग. छाती ३६ असेल तर मुंढ्याचा घेर साधारण १६ इंच भरतो. त्यापेक्षा बराच मोठा निघाला तर विचारायचं की का.

मापाला जुना ब्लाउज द्यायची आपली सवय आहे ना, ती या वेळी मोड. जुना ब्लाउज ताणलेला असतो, त्यात आधीच्या सगळ्या चुका असतात आणि नव्यात त्या तशाच उतरतात. माप अंगावर दे, आणि देताना रोज घालतेस तीच ब्रा घालून जा. टक्स पॉइंट, म्हणजे खांद्यापासून छातीच्या उंच भागापर्यंतचं अंतर, ब्रा बदलली की अर्धा-एक इंच बदलतं आणि मग टक्स, म्हणजे आकारासाठी घातलेल्या चुण्या, भलत्याच जागी येतात. छातीत एक इंच सैल, खालच्या पट्टीत अर्धा इंच, उंची पंधरा. दुकानात नेहमी साडेचौदा धरतात, पण तुला वर हात करायचा आहे म्हणून अर्धा इंच जास्त. दोन्ही बाजूंना आत एक-एक इंच मार्जिन ठेवायला सांग, कापड कापायच्या आधी सांग. नंतर अंग भरलं तर ब्लाउज उसवून सैल करता येतो, मार्जिन नसेल तर फेकावा लागतो.

गळ्याबद्दल तू विचारलंस. वर्ग तुझी पाठच जास्त बघणार आहे, तेव्हा मागचा गळा सहा-साडेसहा इंच पुरे. मागे खोल हवाच असेल तर पुढचा उथळ ठेव. दोन्हीकडे खोल गळा घेतला की खांद्याला धरून ठेवणारं कापडच उरत नाही आणि बाही खांद्यावरून उतरायला लागते. मग त्यावर दोरी लावतात, दोरी मानेला काचते, आणि मूळ दोष तसाच राहतो. खांद्याच्या आतल्या बाजूला ब्रेसियरच्या पट्ट्यासाठी छोटी पट्टी आणि टिचबटण लावून घे. दोन मिनिटांचं काम आहे, पण मागितल्याशिवाय कुणी लावत नाही.

हुकांच्या मधे फट पडते, तिचं कारण नेहमी ब्लाउज घट्ट असणं हेच नसतं. एक हूक बरोबर छातीच्या रेषेवर यायला हवा. तिथे दोन हुकांच्या मधली जागा आली की ब्लाउज कितीही नीट असला तरी फाकतोच. शिंप्याला आधी तो हूक लावायला सांग आणि मग बाकीचे वर-खाली सारख्या अंतरावर बसवायला सांग. अस्तर लावणार असशील तर अस्तराचं सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून दे. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड फुगून सुरकुततं, मग तो ब्लाउज काही केल्या बसत नाही.

रंगाचा हिशोब सोपा आहे. साडीच्या अंगाशी ब्लाउज जुळवत बसलीस तर जितक्या साड्या तितके ब्लाउज लागतील. काठाशी किंवा पदराशी जुळव. तू लिहिलेल्या यादीतल्या सात साड्यांपैकी तीन इरकली आहेत, त्यांचे पदर बहुधा लालच असतील, तेव्हा एक गडद लाल ब्लाउज तिन्हींना चालतो. त्याशिवाय एक काळा, एक बिनरंगी कोरा पांढरा आणि एक कलमकारी किंवा अजरख छापाचा. छापाचा ब्लाउज साध्या मंगळगिरी साडीवर फार उठून दिसतो, कारण मंगळगिरीच्या अंगावर नक्षी नसते, सगळी शोभा काठात असते. टू बाय टू रुबियाचे, म्हणजे त्या पातळ सुती कापडाचे, ब्लाउज बिनअस्तराचे शिव, मेमधल्या सांगलीच्या उकाड्यात तेच सुसह्य होतात. खण घेणार असशील तर त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी असतो हे ध्यानात ठेव. कोपरापर्यंत बाही हवी असेल तर नेहमीच्या मापाने आणलेलं कापड पुरत नाही, जास्तच आण.

आता परकर. साटीनचे जे दोन आहेत ते लग्नकार्याच्या जॉर्जेटला ठेव. सुती साडी साटीनवर टिकत नाही, दुपारपर्यंत निऱ्या घसरून खाली येतात. रोजला पॉपलिनचा, सहा कळ्यांचा. चार कळ्यांचा स्वस्त पडतो, पण त्याचा घेर कमी, जिना चढताना गुडघ्याला अडतो. कापड आधी भिजव आणि मगच उंची ठरव. परकर साडीच्या काठापेक्षा एक इंच वर राहायला हवा. फिकट साडीखाली पांढरा परकर उठून दिसतो, त्याऐवजी अंगाच्या रंगाजवळचा बदामी घे. तीन पुरेत: बदामी, काळा, गडद लाल.

नाडीबद्दल जरा थांबून लिहिते, कारण इथे बायका फार सोसतात. गोल, बारीक, सुतळीसारखी नाडी कमरेला रोज एकाच जागी आवळली की तिथे घाम, घासणं, काळा वळ, खाज असं सुरू होतं. वर्षानुवर्षं तेच चाललं तर त्याची जखम होऊ शकते. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क बायकांबद्दल लिहिलं, ज्यांच्या कमरेवरच्या न भरणाऱ्या जखमेत कर्करोग निघाला. एक परकराची नाडी घट्ट बांधणारी, दुसरी परकराशिवाय लुगडं कसून नेसणारी. इतकं होणं विरळा आहे, पण वळ पडणं विरळा नाही, आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. म्हणून परकराला दोन इंची रुंद पट्टा आणि चपटी, रुंद नाडी. गाठ एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. घरी आल्यावर पहिलं काम परकर सैल करायचं. वळावर खाज असेल किंवा कातडी सोलली असेल तर ती बरी होईपर्यंत साडी बंद, सलवार किंवा इलॅस्टिकचा परकर. कातडी बरी होत नसेल तर डॉक्टरांना दाखवायचं.

फॉल-बिडिंग दुकानातूनच करून घेतेस, ठीक आहे, पण फॉल स्वतः विकत घेऊन, भिजवून, वाळवून त्यांच्या हातात दे. पाकिटातला फॉल साधारण अडीच मीटरचा आणि सुती असतो. तो कोरा लावला की आटतो आणि साडीचा काठ चुण्या पडून वर वळतो. तुझ्या निळ्या साडीचा काठ वळतो म्हणालीस, तिचं नेमकं हेच झालं असणार. ती फेकू नकोस, फॉल उसव, दोन्ही वेगवेगळे धुऊन इस्त्री कर, पुन्हा लाव. वरची कड हातशिलाईनेच हवी, मशीनची शिवण पुढून दिसते. खोचायच्या टोकापासून वीतभर सोडून फॉल सुरू झाला की पहिला फेर आणि निऱ्या दोन्ही त्यात येतात.

नेसताना आधी चप्पल घाल, मग साडी. चपलेची उंची नंतर बदलली की सगळी उंची बिघडते. उजव्या कमरेपासून खोचायला सुरुवात, एक फेर पुरा, काठ जमिनीपासून अर्धा इंच वर. या पहिल्या फेरात खोचणं सरळ नसेल तर आतलं टोक खाली लोंबतं आणि टाचेखाली येतं. म्हणून सुरुवातीचं टोक अर्धा-एक इंच जास्तच वर खोच. मग निऱ्यांच्या आधी पदर. पदराच्या पाच इंची घड्या, लांबी गुडघ्याच्या मागपर्यंतच. त्याहून लांब पदर खुर्चीत अडकतो. पिन खांद्याच्या शिवणीच्या किंचित मागे, आणि पिनेखाली कापडाचा छोटा तुकडा किंवा सपाट बटण ठेव, नाहीतर सुती साडीला तिथेच भोक पडून फाटत जातं. उरलेल्या कापडाच्या पाच-सहा निऱ्या, पाच इंचांच्या, तोंडं डावीकडे, बेंबीच्या जरा डावीकडे खोचायच्या. खोचायच्या आधी सगळ्यांत आतली निरी अर्धा इंच वर ओढून घे. फळ्याकडे वळल्यावर डावी कमर वर्गाला दिसते, म्हणून पदराची खालची कड डाव्या बाजूला ओढून परकराला एक पिन लाव. या एका पिनेने दिवसभराची काळजी जाते.

(परकर-ब्लाउजवर अशी सहावारी नेसण्याची रीत घडण्यात मुंबईचाही हात आहे, ठाऊक आहे का? रवींद्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी टागोर १८६० च्या दशकात नवऱ्याच्या नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात राहिल्या, पारशी बायकांचं नेसणं त्यांनी पाहिलं, त्यात आपले बदल केले आणि ते बंगालमध्ये नेलं. घराबाहेर पडणाऱ्या बाईला वावरता यावं, हाच त्यामागे विचार होता.)

खडूची धूळ तुला रोज लागणार. काळ्या सिंथेटिक साडीला ती चिकटून बसते, झटकली तरी जात नाही. सुती छापील साडीवर दिसत नाही आणि झटकली की निघते. गणिताच्या लागोपाठ तासांच्या दिवशी छापील सुतीच नेस.

सुती साड्यांना कांजी, म्हणजे खळ, जूनपर्यंतच. पावसाळी हवेत ती चिकट होते, वास येतो, आणि खळ धरलेल्या साडीला कपाटात कसर लागते. पावसाळ्यापूर्वी सगळ्या सुती साड्या साध्या पाण्यात धुऊन खळ काढून ठेव. ते चार महिने जॉर्जेट आणि क्रेप काढ, भिजली तरी तासाभरात वाळते. दिवाळीनंतर पुन्हा कांजी: एका साडीला दोन मोठे चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजव, फडक्यातून गाळ, त्यात तीन लिटर थंड पाणी घाल, साडी त्यात बुडवून हलकी पिळ आणि सावलीत वाळव. न गाळता वापरली की गडद रंगावर पांढरे डाग उठतात. इस्त्री साडी किंचित दमट असतानाच. इरकलीचा लाल पदर पहिल्या तीन-चार धुण्यांत रंग सोडतो, तेव्हा ती एकटीच, थंड पाण्यात, भिजत न ठेवता, झटपट धुऊन लगेच वाळत घाल. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, तसं होत नाही. साडी त्या पाण्यात तासभर पडून राहिली तर पदराचा रंग अंगावर मात्र उतरतो.

आत्ता सगळ्यात घाईचं काम शिंप्याचं. चारही ब्लाउज एकदम टाकू नकोस. आधी साध्या रुबियाचा एकच शिवून घे, तो घालून घरातल्या भिंतीसमोर उभी राहा आणि पाच मिनिटं डोक्याच्या वर बोट फिरवून लिही. कुठे ओढलं, कुठे वर गेलं, कुठे फाकलं ते मला कळव, शक्य तर पुढून-मागून फोटो पाठव. त्यावरून काय उसवायचं ते लिहून पाठवते. मग बाकीचे तीन टाक. कॉलेज सुरू व्हायला अजून महिना आहे, वेळ पुरेल.

तुझी,
माधवी

ता. क. हिरव्या इरकलीचा पदर विरला म्हणालीस. ती टाकून देऊ नकोस. इरकलीच्या पदराचं उभं सूत मागावरच अंगाला वेगळं जोडलेलं असतं आणि अंगाचं सूत मजबूत असतं. पदर काढला तर उरलेल्या कापडात दोन कुर्ते सहज होतील.