आमच्या पहिलीच्या बाईंना, बदलीच्या गावी

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमची आंतरजिल्हा बदली झाली आणि तुम्ही घाटावर आपल्या माणसांत गेलात, याचा आम्हाला आनंद आहे. खोटं कशाला बोलू, थोडा कमीच आनंद आहे. कोकणात शिक्षक रुळतो न रुळतो तोच बदल्यांची यादी लागते. तुमच्या निरोपाच्या दिवशी माझी ड्युटी मुक्कामी गाडीवर होती, म्हणून चार शब्द बोलायचे राहून गेले. ते आता सगळ्यांसमोर बोलतो, कारण "जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत शिकवतात तरी काय?" असं मला गाडीतही विचारणारे भेटतात.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा आमच्या वाडीतली निम्मी पोरं टाय लावून तालुक्याच्या गाडीत बसत होती. तुमच्या पहिलीत उरली पाच. शेजारच्या पोराच्या वह्या भरत होत्या आणि आमची लेक चिंचोके मोजून, मातीच्या गोळ्या वळून, कागदाचे कपटे चिकटवून घरी यायची. माझी आई तिला रोज विचारायची, "शाळेत जातंस काय खेळाक?" शेवटी पालकांच्या बैठकीत तुम्हीच सांगितलंत की मनगटात आठ लहान हाडं असतात आणि सहाव्या वर्षी ती सगळी तयार झालेली नसतात. मणी ओवणं, माती मळणं, आडव्या-उभ्या रेघा ओढणं ही त्या हाताची पेन्सिल धरायची तयारी. हे ऐकल्यावर आईनेच घरात चिंचोके साठवायला सुरुवात केली.

अक्षरांचीही तीच गत. मी अ अननसाचा, आ आईचा अशी वाट बघत होतो. तुम्ही क, म, न, र एवढी चारच अक्षरं आणि एक काना दिलात. त्यातून कान, नाक, मका, मान, रान, काका, मामा, काम असे शब्द निघाले आणि लेक दिवाळीच्या आधी भिंतीवरची, डब्यावरची, माझ्या एसटीवरची अक्षरं हुडकायला लागली. सगळी मुळाक्षरं ओळीने पाठ असलेलं आणि एकही शब्द न वाचणारं पोर मी पाहिलेलं आहे, म्हणून हा फरक मला कळतो. जे हाताशी आहे त्यात लगेच काहीतरी वाचता यावं, ही तुमची घाई मला आवडली. बाकी कशाची तुम्हाला घाई नव्हती.

पहिल्या वेलांटीने मात्र तिला छळलं. बोलताना 'कि'मधला क आधी येतो आणि कागदावर वेलांटी डावीकडे, क च्याही आधी दिसते. मोठ्यांना यातलं काही खटकत नाही, आपण कधीच सरावलेलो. लेक अडून बसली की आधी वेलांटी का वाचायची नाही. "लिहिलंय तसंच वाच" म्हणून तुम्ही तिला गप्प केलं नाहीत. आधी अक्षराचा आवाज, मग त्याला चिकटलेली खूण, असं बोट फिरवत तिच्याकडून परत परत म्हणवून घेतलंत. तिची शंका बरोबर आहे, असंही तिला सांगितलंत. तेव्हापासून ती घरी आमच्या चुका काढते. त्याचे आभार मानावेत की नाही, याबद्दल आमच्या घरात एकमत नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मी कंडक्टर, आकडे म्हणजे माझी भाकरी. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून ती 52 लिहायची आणि एकोणतीस ऐकलं की 39 लिहायची. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी मांडणी आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. आम्ही डेपोत हसलो होतो, पण पोरांची अडचण खरी आहे, हे आता लेकीच्या पाटीवर दिसलं. तुम्ही वादात पडला नाहीत. माडाच्या झावळीचे हीर आणून दहा-दहाच्या जुड्या बांधायला लावल्यात. दोन जुड्या आणि पाच सुटे, म्हणजे 25. पंचवीस म्हणत तिने जुड्या उचलल्या की दोन पहिल्या घरात जायचे आणि पाच दुसऱ्या. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या 'निपुण भारत' मोहिमेच्या उद्दिष्टांत पहिलीच्या अखेरीस 99 पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात आणि चार-पाच सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य वाचता यावं, असं आहे म्हणतात. लेकीला ते जमलं. पण तिला सुट्टे मोजून परत देताना मी पाहिलंय, त्याचं मला जास्त कौतुक. माझ्या गाडीत चांगले शिकलेले लोकही तिथे गोंधळतात.

भाषेबद्दल लिहायलाच हवं. पहिल्या आठवड्यात ती गप्प बसायची, कारण घरात मालवणी आणि पुस्तकात ते नाही. "माका तान लागली" म्हणाल्यावर कुणी हसेल, ही भीती. तुम्ही घाटावरच्या, तुम्हाला आमची बोली येत नव्हती. तरी तुम्हीच तिला विचारलंत, "पाणी होया?" आणि असं काही उच्चारलंत की सगळा वर्ग हसला. मग पोरांनी तुम्हाला शिकवायला घेतलं, हेल कुठे द्यायचा तेसुद्धा. बाईंना दुरुस्त करता येतं म्हटल्यावर त्यांना 'मला समजलं नाही' म्हणायची लाज उरली नाही. पुढे 'मला तहान लागली' आपोआप आलं, मालवणीही राहिली. बोलीबद्दल टोकल्यामुळे पोर वर्षभर मुकं झाल्याचं आमच्या नात्यातच घडलंय, तेव्हा ही लहानसहान गोष्ट नाही.

मधल्या सुट्टीचंही एक. पोषण आहाराची खिचडी, कधी मटकीची उसळ. हात धुवून रांगेत उभं राहायचं, ताट धरायचं, लागेल तेवढंच मागायचं, धाकट्याला पुढे सोडायचं. घरी मटकीकडे न बघणारी आता दुसऱ्यांदा मागते. स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी मोठी माणसं मी रोज बघतो. त्यांनाही तुमच्या पहिलीत महिनाभर बसवावं असं फार वाटतं.

तुमच्या जागी अजून कुणी हजर झालेलं नाही. गुरुजी एकटे चारही इयत्ता बघतात आणि हिरांच्या जुड्या कपाटात नीट ठेवल्यात, येतील त्यांना दाखवू.

कोल्हापूरच्या गाडीवरच्या माझ्या सहकाऱ्याकडे आमसुलं आणि थोडे काजू पाठवतोय. पिशवीवर नाव लेकीने लिहिलंय, दोन्ही वेलांट्या जागेवर आहेत. गाडी दुपारी स्टँडवर लागते, कुणाला तरी घ्यायला पाठवा.

आपला,
पहिलीतून दुसरीत गेलेल्या एका मुलीचा बाप