बाबा, ती बाकी आपली नाही

पुणे, १० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई-बाबा यांना सा. न.

फोनवर सगळं बोलून झालं होतं, तरी काल फोन ठेवता ठेवता बाबा तुम्ही पुन्हा विचारलंत, "मग भरून टाकू का घराच्या कर्जाचे ते अकराशे छप्पन्न रुपये? कटकट मिटेल." म्हणून लिहून पाठवते आहे. कागदावर असलं की तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचता आणि मग ते तुम्हाला पटतं.

भरू नका. एक रुपयासुद्धा नाही.

मागच्या सज्जाच्या दुरुस्तीसाठी बँकेत दोन लाखांचं कर्ज मागायला गेलात आणि "सिबिल खराब आहे" म्हणून परत पाठवलं गेलात. तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवलात आणि सुरसागर ओलांडून दांडिया बाजारात घरी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाहीत, असं आई सांगत होती. रात्री जेवताना म्हणालात, "म्हातारपणी कर्जबुडवा ठरलो." बाबा, ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. पंधरा वर्षं घराचा हप्ता भरताना तुम्ही दिवाळीला स्वतःसाठी कपडे शिवले नाहीत, ते मी पाहिलं आहे.

गेल्या आठवड्यात आपण तिघांनी बसून तो सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींचा कागद, ओळीओळीने वाचला. त्यातलं काय चूक आणि काय बरोबर, हे पुन्हा एकदा सांगते.

घराचं कर्ज मार्च २०१९ मध्ये फिटलं. रिपोर्टात ते अजून चालू दाखवलं आहे, बाकी १,१५६ रुपये, आणि खाली महिन्यामहिन्याच्या चौकटीत थकलेल्या दिवसांचे वाढत गेलेले आकडे. ही बाकी शेवटच्या दिवसाच्या व्याजाची की आणखी कशाची, ते बँकेने शोधावं. आपल्याकडे त्यांचंच नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला आहे. आई, तू ते पत्र्याच्या डब्यात, चांदीच्या निरांजनाखाली ठेवलं होतंस म्हणून सापडलं. टाचणी गंजून कागदावर तांबडा डाग पडला आहे, पण जांभळा शिक्का आणि तारीख स्वच्छ वाचता येते. आज पैसे भरले तर बाकी खरी होती असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. त्यातून तो वसुलीवाला "थोडं कमी करून सेटल करू" म्हणतो आहे, ते तर मुळीच नको. मग खात्यापुढे "सेटल्ड" असं येतं, आणि पुढची बँक त्याचा अर्थ पूर्ण पैसे दिले नाहीत असाच घेते. आपल्याला "क्लोज्ड" हवं आहे, बाकी शून्य.

दुसरी चूक ते क्रेडिट कार्ड. पत्ता मकरपुऱ्याचा, जन्मतारीख दहा वर्षांनी पुढची. बडोद्यात आपल्या नाव-आडनावाची माणसं काय कमी आहेत! शिवाय तिथल्या कागदांवर कुठे तुमच्या नावापुढे "भाई" लागलंय, कुठे वडिलांचं नाव गाळलंय. अशाने एकाचं खातं दुसऱ्याच्या नावावर जातं. ते कार्ड आपलं नाही, असं वेगळं कळवलं आहे.

तिसरी नोंद मात्र चूक नाही, आणि ती तुम्हाला सांगताना मला जड गेलं. भाऊकाकांच्या मुलाच्या गाडीला तुम्ही जामीन राहिलात, त्याचे चार हप्ते उशिरा गेले. जामीनदाराच्या रिपोर्टातही ते कर्ज दिसतं. आता ते फिटलं आहे, पण उशीर झाला तो झाला, ती नोंद काढा म्हणून आपण तक्रार करायची नाही. तुम्ही कुणाच्या अडीला उभे राहिलात याचा मला अभिमान आहे. फक्त यापुढे सही करण्याआधी मला एक फोन करा.

आणि आई, तुझंही. "मी कधी बँकेची पायरी चढले?" म्हणालीस, पण घराच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून तुझी सही आहे. तुझा रिपोर्ट काढला तेव्हा तेच ११५६ तुझ्याही नावावर निघाले! म्हणून तक्रार दोघांची वेगवेगळी केली आहे.

आता पुढे काय होणार ते. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या ही माहिती ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि आपला आपण पाहिल्याने सिबिलचे गुण (स्कोअर) कमी होत नाहीत, ही भीती काढून टाका. या कंपन्या स्वतःहून काही खोडत नाहीत. त्या बँकेला विचारतात आणि बँकेने दुरुस्ती पाठवली की नोंद बदलतात. म्हणूनच ४ तारखेला ऑनलाइन तक्रार केल्यावर लगेच बँकेत जाऊन लेखी अर्जही दिला. त्या काउंटरवरच्या मुलीने पोच द्यायला आधी टाळाटाळ केली, पण तुम्ही शांतपणे खुर्ची ओढून बसलात आणि शिक्का घेऊनच उठलात. मला तेव्हा जुने बाबा दिसले.

तक्रारीपासून ३० दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दुरुस्ती नाकारली तर कारण कळवावं लागतं. तेही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि २०२२ पासून या माहिती कंपन्यांविरुद्धची तक्रारही तिथे चालते. ते सगळं मी करीन.

"आठ हजारांत सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्याचा फोन पुन्हा आला तर आई, तू उचलू नकोस. त्याने पॅनचा फोटो आणि ओटीपी मागितला होता, यावरूनच काय ते समज. खरी नोंद पैसे देऊन पुसली जात नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

बँकेतून कुणी फोन केला तर "लेखी कळवा" एवढंच म्हणा. पोचेची झेरॉक्स निळ्या फाइलमध्ये पुढेच लावली आहे, मूळ सर्टिफिकेट कुणाच्याही हातात देऊ नका.

गणपतीला, २७ तारखेला मी येतेच आहे, गौरी जेवून विसर्जन करूनच परतायचा विचार होता. पण विसर्जन २ सप्टेंबरला आणि आपले ३० दिवस ३ तारखेला भरतात, म्हणून एक दिवस जास्त रजा टाकली आहे. नवे रिपोर्ट त्या दिवशी आपण तिघं मिळून काढू. सज्जाच्या सुताराला तोवर थांबायला सांगा, मात्र पावसाचं पाणी आत येतंय तिथे आजच ताडपत्री बांधून घ्या.

तुमची,
शुभा