एका सीलसाठी अख्खे मशीन भंगारात का जावे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि ओसरताना आमच्या गावभागातल्या घराघरांत गाळ ठेवून गेले. हा गाळ ओला असताना निघाला तर निघतो. एकदा वाळला की फरशीच्या सांध्यांत, जिन्याच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या शटरच्या पट्ट्यांत असा काही बसतो की खराटा झिजतो, पण गाळ हलत नाही. त्या वर्षी आणि जुलै २०२१ च्या पुरानंतर पुन्हा एकदा आमच्या गल्लीतल्या कित्येकांनी प्रेशर वॉशर विकत घेतले. आपल्याकडे ‘वॉशर’ म्हटले की नळातली रबरी चकती डोळ्यांसमोर येते, म्हणून बहुतेक लोक याला ‘गाडी धुण्याचे मशीन’ म्हणतात. काम झाल्यावर ही मशिने माळ्यावर गेली, काही जिन्याखाली राहिली, आणि आता तीच जुन्या सामानाच्या दुकानांतून विक्रीला येत आहेत. त्यांतले एक मी गेल्या वर्षी ३,२०० रुपयांना घेतले. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर माझी ३१ वर्षे गेली आहेत, तरीही ते चालू करताना मला चार महिने लागले. ज्यांना या कामाची सवय नाही त्यांचे काय होत असेल या विचाराने हे पत्र लिहीत आहे.

मशीन घेताना मी एक चूक केली. दुकानदाराने प्लग लावून मोटर फिरवून दाखवली आणि आवाज ठीक आहे असे समजून मी पैसे दिले. पाणी न जोडता असे मशीन फिरवणे हे मुळातच चुकीचे आहे. पंपातले सील (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) पाण्यानेच ओले आणि थंड राहतात. कोरडे फिरवले की ते तापतात आणि त्यांच्या कडा जळतात. शिवाय नुसती मोटर फिरल्याने पंपाबद्दल काहीच कळत नाही. जुने मशीन पाहायचे तर टाकीचे किंवा भरल्या पिंपाचे पाणी जोडून किमान दहा मिनिटे चालवून पाहावे. नोझल काढून गनमधून १० लिटरची बादली भरावी. घरगुती मशीन साधारणपणे मिनिटाला सहा ते सात लिटर पाणी देते, म्हणजे दीड मिनिटाच्या आसपास बादली भरली पाहिजे. मग नोझल लावून गनचा खटका सोडावा. खटका सोडल्यावर मोटर आपोआप बंद होणारी जी मशिने असतात, त्यांची मोटर लगेच थांबली पाहिजे आणि थांबलेलीच राहिली पाहिजे. गन बंद असतानाही ती दर काही सेकंदांनी क्षणभर सुरू होऊन पुन्हा थांबत असेल, तर दाब कुठेतरी गळतो आहे असे समजावे.

मोटर कोणत्या जातीची आहे हेही आधी विचारावे. हलक्या मशिनात कार्बन असलेली मोटर असते. ती मिक्सरसारखी कर्कश आवाज करते, आणि कार्बन झिजले की ठिणग्या व जळका वास येतो. कार्बन बदलणे सोपे आहे, पण ज्या तांब्याच्या कड्यावर ते घासतात त्यावर खोल चरे पडले असतील तर नवे कार्बनही फार टिकत नाहीत. दुसरी जात इंडक्शन मोटरची. ती उचलायला जड असते, आवाज कमी करते आणि सांभाळली तर वर्षानुवर्षे चालते. माझा सल्ला असा, की जुने घ्यायचे असेल तर जड मशीनच घ्यावे, मग ते दिसायला कितीही जुनाट असो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि ती म्हणजे मशीन स्वतः पुराच्या पाण्यात बुडाले होते का. वरचे प्लॅस्टिकचे कव्हर धुऊन चकचकीत करता येते. पण चार स्क्रू काढून आत पाहिले की वायरच्या कनेक्टरमध्ये, पंख्याच्या पात्यांमागे आणि स्विचच्या डबीत तपकिरी गाळाची रेघ सापडते. असे मशीन घेऊच नये असे मी म्हणणार नाही. परंतु मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याकडे नेऊन मेगरने (वीज बाहेर गळते का ते दाखवणाऱ्या मीटरने) तपासल्याशिवाय त्याचा प्लग लावू नये. मेगरचा काटा १ मेगओहमच्या खाली दाखवत असेल, तर मोटर वाळवून, वार्निश करून किंवा गरज पडल्यास पुन्हा भरून घेतल्याखेरीज ती वापरणे म्हणजे ओल्या फरशीवर उभे राहून शॉक मागून घेणे होय.

माझ्या मशिनाची मोटर सुदैवाने चांगली निघाली. घरी आणून पाणी जोडल्यावर फवारा मात्र धापा टाकल्यासारखा येऊ लागला. क्षणभर जोर, क्षणभर काही नाही. अशा वेळी लोक थेट पंपावर संशय घेतात. वास्तविक पंप फक्त पाणी ढकलतो. ते पाणी नोझलच्या बारीक छिद्रातून जाताना अडते आणि त्या अडण्यामुळे दाब चढतो. मोटारीच्या चाकात आपण ३० ते ३५ पौंड हवा भरतो. या मशिनातला १०० बारचा दाब म्हणजे जवळजवळ १,४५० पौंड. तेव्हा छिद्रात वाळूचा एक कण अडकला किंवा वर्षानुवर्षांच्या वापराने छिद्र मोठे झाले, तर त्याचा परिणाम लगेच दिसतो. म्हणून मी आधी नोझल, मग पाणी आत घेणारी जाळी, मग पाइपचे जोड असे क्रमाने तपासले. जोडातून हवा ओढली जात असेल तरी फवारा असाच तुटक येतो. आमच्या बोअरचे पाणी जड असल्याने जाळीवर आणि व्हॉल्व्हवर क्षारांचा पांढरा थर बसला होता. लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवल्यावर तो सुटला. त्यानंतर सुधारणा झाली, पण निम्मीच.

मग पंप उघडणे भाग पडले. अशा लहान पंपात मोटरच्या दांड्यावर एक तिरपी चकती फिरते आणि ती तीन प्लंजरना (दट्ट्यांना) आळीपाळीने दाबते. स्प्रिंग त्यांना परत आणतात. प्रत्येक प्लंजरला पाणी आत घेणारा एक आणि बाहेर सोडणारा एक असे एकूण सहा छोटे व्हॉल्व्ह असतात. चकतीच्या बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि दोघांच्या मध्ये प्रत्येक प्लंजरभोवती रबरी सील. माझ्या पंपातले तेल चहासारखे दुधाळ झाले होते, म्हणजे सीलमधून पाणी तेलात शिरले होते. तिन्ही सील कडांना फाटले होते. प्लंजरवर नख फिरवून पाहिले. एकही चरा लागला नाही. प्लंजरवर चरा असेल तर नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटते, त्यामुळे ही परीक्षा सील विकत घेण्याआधी करावी. व्हर्नियरने मापे घेतली, तीन सील कागदात गुंडाळले आणि त्या कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो.

तिथे मला सांगण्यात आले की सील सुटे मिळत नाहीत, पंपाचा पूर्ण संच घ्यावा लागेल आणि त्याची किंमत ४,८०० रुपये. माझ्या मशिनाचे मॉडेल बंद झाल्यामुळे तो संचही मागवावा लागेल व येईलच याची खात्री नाही. काउंटरवरच्या तरुणाने सौजन्याने, अगदी माझ्या भल्यासाठी म्हणून, नवे मशीन घेण्याचा सल्ला दिला. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या संगणकावर सील नावाचा भागच नव्हता. पण बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा तीन रबरी कड्या मिळत नाहीत म्हणून तांब्याची मोटर, पितळेचे जोड आणि ॲल्युमिनियमचा पंप भंगारवाल्याला किलोने द्यायचा, हे माझ्यासारख्या आयुष्यभर लोखंड घासलेल्या माणसाच्या गळी उतरत नाही.

याच जिल्ह्यात १९१० पासून किर्लोस्करवाडी उभी आहे आणि पंप हा शब्द आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही समजावून सांगावा लागत नाही. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर दावण्या या बुरशीरोगाच्या भीतीने फवारणीला उसंत नसते, तेव्हा फवारणीचा एचटीपी पंप बंद पडून चालत नाही. त्यामुळे तिथे रात्री दहालाही पंप उघडून बसणारे कारागीर आहेत. एचटीपीतही प्लंजर, सील आणि व्हॉल्व्ह असतातच. म्हणून मी तासगावला एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सील हातात घेऊन दाबून पाहिले आणि एचटीपीचे सील बसवायला स्पष्ट नकार दिला. “दादा, आमच्या पंपाचा दाब याच्या निम्माही नाही. माझं सील तुमच्यात आठवडाभर टिकेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल,” असे ते म्हणाले. त्यांनीच मला हायड्रॉलिक जॅकचे सील विकणाऱ्या दुकानाचा रस्ता दाखवला. तिथे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे सांगताच दुकानदाराने फळीवरून जुळणारी सील काढून दिली. तीन सीलचे २१० रुपये झाले. पंपाचे तेल, दोन ओ-रिंगा आणि मोटरचा कमजोर झालेला कपॅसिटर धरून माझा एकूण खर्च ७०० रुपयांच्या आत राहिला. कपॅसिटर काढताना त्यातला साठलेला विद्युतभार आधी उतरवून घ्यावा लागतो. प्लग काढला म्हणजे धोका संपला असे समजू नये.

ग्राहक म्हणून आपले हक्क काय आहेत हेही मी या निमित्ताने समजून घेतले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे आणि विकलेल्या वस्तूचे बिल न देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथांत मोडतात. मला मशीन विकणाऱ्याने ‘जुन्या मालाला बिल नसते’ असे सांगितले होते आणि मी ते मान्य केले होते. सुट्या भागांचा प्रश्नही नवा नाही. मोटारींचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्याच्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता; त्यावर पुढे अपिले झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने ही त्यासाठी निवडलेली क्षेत्रे आहेत. प्रेशर वॉशर गोठ्यातही वापरला जातो आणि घरातही, तेव्हा त्याला या हक्काबाहेर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

माझी मागणी मोठी नाही. कंपन्यांनी निदान सील, ओ-रिंग, व्हॉल्व्ह आणि कार्बन एवढे झिजणारे भाग सुटे विकावेत, आणि तेही शक्य नसेल तर त्यांची मापे माहितीपुस्तिकेत छापावीत. मापे मिळाली की उरलेले काम सांगली, मिरज आणि तासगावचे कारागीर करतील. जुने सामान विकणाऱ्यांनी दुकानाबाहेर एक पिंप आणि एक बादली ठेवावी, ग्राहकाला मशीन पाण्यावर चालवून पाहू द्यावे आणि साधे का होईना, बिल द्यावे. आपल्या जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या लहान पंपांची दुरुस्ती मुलांना हाताने करायला द्यावी, कारण येत्या काही वर्षांत अशी मशिने गल्लोगल्ली बंद पडणार आहेत.

जाता जाता एक सूचना करतो आणि ती गांभीर्याने घ्यावी. या फवाऱ्याने पायाची माती धुणारी, म्हशीच्या अंगावर जवळून मारणारी माणसे मी पाहिली आहेत. हा फवारा कातडी फोडून आत शिरू शकतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतेही कमी, पण पाणी आणि घाण आत मांसापर्यंत गेलेली असते. असे झाल्यास हळद लावून घरी न बसता त्याच वेळी रुग्णालयात जावे आणि कशाने लागले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. मशिनाला आर्थिंग असलेलाच प्लग असावा, वायर पातळ व लांबलचक नसावी, आणि बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचे गळती ओळखून वीज तोडणारे स्विच बसवून घ्यावे. काम संपल्यावर मोटर बंद करून, गन दाबून पाइपातला दाब सोडल्यानंतरच जोड उघडावेत.

माझे मशीन आता अकरा महिने चालू आहे. तेल स्वच्छ आहे. ते मी दर अमावास्येला पाहतो, म्हणजे लक्षात राहते. शेजारच्या किराणा दुकानदारांचे, २०२१ पासून पोत्याखाली पडलेले मशीनही मी उघडून ठेवले आहे. त्याचा प्लंजर वेगळ्या मापाचा आहे आणि त्याची सील मला अजून मिळालेली नाहीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कामगार व वाचक,
गावभाग, सांगली