संग्रहालयातल्या ताईंना, पिंपळाखालच्या गल्लीकडून

ताई, नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात तरी गल्लीत अजून तुमचाच विषय चालू आहे, म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

ठाणे ही शिलाहार राजांची राजधानी, हे आमच्याकडे प्रत्येक भाषणात येतं. १७८७ साली किल्ल्यात खोदताना त्यांच्यातल्या अरिकेसरी राजाचा ताम्रपट निघाला, तो १०१७ सालचा, हेही कुणीतरी ऐकवतंच. पण पिंपळाखालचा वीरगळ, म्हणजे वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, गटाराच्या कामात आडवा आला, तेव्हा ही अभिमानी मंडळी कुठे गेली कोण जाणे. एका कचेरीने "फोटो पाठवा" म्हणून सांगितलं आणि फोटो पोचल्यावर फोन उचलणं बंद केलं. एक जाणकार आले, ते बूट घालूनच ओट्यावर चढले. नखाने शेंदूर खरवडत आजींना म्हणाले, "हा देवबिव काही नाही, तेल ओतणं बंद करा." आजी त्या रात्री जेवल्या नाहीत.

तुम्ही आधी चपला काढल्यात. "हात लावू का?" असं आजींना विचारलंत. अंधार पडल्यावर टॉर्च तिरपा धरलात तेव्हा आम्हाला पहिल्यांदा दिसलं: खाली लढाईत पडलेला वीर, मधे त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच, आणि माथ्याला चंद्र-सूर्य. आजी म्हणाल्या, "म्हंजे कुणाचा तरी पोरगाच की हा." तुम्ही "हो" म्हणालात. देव आहे की नाही, यावर चकार शब्द काढला नाहीत.

पण मला राहून राहून आठवतं ते वेगळंच. नोंदीचा कागद भरताना 'देखभाल' या रकान्यापाशी तुम्ही थांबलात आणि आजींना त्यांचं नाव विचारलंत. आम्ही सगळे त्यांना नुसतं आजी म्हणतो. नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "माहेरचं सांगू का सासरचं?" तुम्ही दोन्ही लिहून घेतलीत आणि बरोबर लिहिलंय ना, म्हणून वाचून दाखवलंत. शिकलेली माणसं ठाण्यात पैशाला पासरी मिळतात हो. समोरच्या म्हातारीला तिचं नाव विचारावं, हे किती जणांना सुचतं?

गटार आता हातभर बाजूने गेलंय. आजी विचारतात, पुन्हा कधी येणार? सुकटीची चटणी बांधून ठेवतील, नको म्हणू नका.