आगीची हवा वेगळी, आपली हवा वेगळी

सोलापूर
वैशाख, भर दुपार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. काकूंना साष्टांग नमस्कार सांग.

बाहेर ४३ अंश आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि मी तुला थंडीबद्दल लिहायला बसलोय. परवाचा तुझा फोन डोक्यातून जात नाही. ट्रॅव्हलर गाडीचं फिरतं घर पुरं होत आलं, सप्टेंबरअखेर मनालीमार्गे लेह, बरोबर वहिनी आणि काकू, हे ऐकून फार बरं वाटलं. पण मग तू म्हणालास, "थंडीचं काय, शेगडी ठेवू, नाहीतर इंजिन चालू ठेवून झोपू." तिथं माझ्या पोटात गोळा आला.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. माझ्या पहिल्या लडाख फेरीत मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूला रात्री आम्ही गाडीत कोळशाची शेगडी घेतली होती. सरचू सव्वाचार हजार मीटरच्या वर. काचा घट्ट बंद. पहाटे डोकं घणाचे घाव बसल्यासारखं दुखत होतं, मळमळत होतं, आणि आम्ही तिघंही एकमेकांना समजावत होतो की विरळ हवेचा त्रास आहे, पाणी पी, पडून राहा. एकाला लघवीला जायचं होतं म्हणून दार उघडलं, एवढंच आमचं नशीब. बाहेर दहा-पंधरा मिनिटं उभं राहिल्यावर डोकं हलकं व्हायला लागलं तेव्हा कळलं, त्रास उंचीचा नव्हता, शेगडीचा होता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. त्याची आणि उंचीच्या त्रासाची लक्षणं अगदी सारखी, म्हणून तिथं तो जास्त घातकी. इंजिनाचंही तेच. वारा फिरला की सायलेन्सरचा धूर गाडीखालून आत येतो.

म्हणून हात जोडून सांगतो, गरम हवेचा डिझेल हीटर बसव. तो काय करतो ते तुला आमच्या टॉवेल कारखान्यातल्या ड्रायरवरून लगेच समजेल. ड्रायरमध्ये वाफ कॉइलच्या आत असायची आणि पंखा कॉइलवरून हवा ढकलायचा. वाफेचा थेंबही टॉवेलला लागत नसे, लागायची ती फक्त उष्णता. हीटरमध्ये वाफेच्या जागी ज्योत आहे. ती धातूच्या बंद कोठीत जळते, जळायला लागणारी हवा गाडीखालून घेते आणि धूर पाइपानं गाडीबाहेर सोडते. कोठीच्या बाहेरून फिरते ती आपली, आतली हवा. दोन्ही कुठंच भेटत नाहीत. तरीसुद्धा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावच, तो तर मी स्वतः आणून देईन.

गॅसवर चालणारे हीटर युरोपात बरेच वापरतात, ट्रुमासारख्या कंपन्यांचे. पण तिकडं थंडीसाठी निव्वळ प्रोपेन वापरतात. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. म्हणजे नेमकी गरज पडेल तेव्हा सिलिंडर मलूल. डिझेल तर टाकीत आहेच. त्यातही एक सांगतो, कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमध्ये मेण धरतं. इंडियन ऑइलनं २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. सप्टेंबरात तुला ते लागायचं नाही, पण पुढं कधी भर हिवाळ्यात जाशील तर लक्षात असू दे.

तुझ्या गाडीला दोन किलोवॉटचा पुरे. मोठा घेतलास तर तो सतत मंद चालेल, आणि मंद ज्योत काजळी धरते. पूर्ण जोरावरही तो तासाला पाव लिटरच्या आत पितो, रात्रभरात दीड-दोन लिटर. सुरू होताना डिझेल पेटवणारा ग्लो प्लग दोन-तीन मिनिटं दहाएक अँपिअर ओढतो, मग पंखा आणि पंप मिळून एक-दोनवर येतं. बॅटरी लिथियमची घेतली असशील तर ती गाडीच्या आतच ठेव, शून्याखाली ती चार्ज करायची नसते. आणि बंद करताना थेट वायर तोडू नकोस. बटण दाबल्यावरही पंखा काही मिनिटं फिरतो, कोठी निवेपर्यंत फिरू दे.

उंचीचं मात्र दुकानदाराला खोदून विचार. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथं ऑक्सिजन कमी, डिझेल तेवढंच, म्हणजे पुन्हा काजळी आणि सुरू व्हायला नकार. उंचीप्रमाणे इंधन कमी करणारं मॉडेल मिळतं, तेच घे. माझ्या पहिल्या हीटरात ते नव्हतं. विकणाऱ्यानं "सगळीकडं चालतो" म्हणून गळ्यात मारला आणि मनाली-लेह रस्त्यावर जिस्पाच्या पुढं तो नुसता धुरायला लागला. आणलेल्या सगळ्या सोलापुरी चादरी अंगावर घेऊन रात्र काढली.

चादरींवरून आठवलं. सगळ्यात जास्त ऊब जाते ती ड्रायव्हरसमोरच्या काचेतून. तिथं नुसता पडदा नको, दुहेरी चादर लाव, दोहोंत बोटभर जागा सोडून. टॉवेलचे फंदे जे काम करतात तेच, अडकलेली स्थिर हवा थंडी थोपवते. सकाळी त्या उन्हात टाक, कारण तीन माणसांच्या श्वासाचं पाणी काचेवर आणि कापडावरच जमतं. म्हणूनच छतावरची झडप दोन बोटं उघडी राहू दे. ओल तिथून निघून जाते.

गरम हवेची नळी ७५ मिलिमीटरची घे, वळणं कमी ठेव. प्रत्येक वळणावर झोत मरतो, आणि तोंडापुढं सामान आलं तर हीटर स्वतःच तापून बंद पडतो. तोंडं जमिनीलगत, ऊब आपोआप वर येते. एक फाटा पाण्याच्या टाकीकडं दे. धुराचा पाइप खिडकीखाली काढू नकोस, आणि त्याला थोडा उतार दे, नाहीतर आत पाणी साचून राहील.

डिझेलचा छोटा पंप रात्रभर टकटक करतो. बऱ्याच जणांना त्यानं झोप लागत नाही. रबरावर बसवला की आवाज बराच कमी होतो. मला तर तो सोलापूरच्या पूर्व भागातल्या कापडाच्या मागांसारखा वाटतो. लहानपणापासून ती खटखट ऐकतच झोपलोय, ती थांबली की जाग यायची.

आज पहाटे पाचला माझा हीटर दहा मिनिटं चालवला. महिन्यातून एकदा, उन्हाळ्यातही चालवावा लागतो, नाहीतर आतलं डिझेल चिकट होऊन पंप अडतो. दारं सताड उघडी होती तरी गाडीत बसवेना. पण त्या वाऱ्याला धुराचा जराही वास नव्हता. तू इथं येऊन एकदा ते बघावंस असं मला फार वाटतं.

येत्या रविवारी गाडी घेऊन ये. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तयार ठेवतो. नळी माझ्याकडं साडेतीन मीटर पडून आहे. येण्याआधी काकूंच्या बर्थची लांबी मोजून ठेव, आणि त्यांना विचार, झोत पायांकडं हवा की गुडघ्यांपाशी.

तुझा,
बापू