अ‍ॅन आर्बरला शिकलेल्या एका मराठी विद्यार्थ्याचा शोध

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मिशिगनमधून लिहिते आहे. १९७३ ते १९७५ या काळात इथल्या विद्यापीठाच्या गावी, अ‍ॅन आर्बरला शिकत असलेल्या एका मराठी गृहस्थांना मी शोधते आहे. त्यांचं नाव मला माहीत नाही. त्यांच्याकडे तेव्हा हिरव्या रंगाची, १९६८ची पाँटियाक जीटीओ ही अमेरिकन गाडी होती. ती गाडी अलीकडे मी विकत घेतली. शेवटचा धागा पुण्याकडे जातो, म्हणून आपल्या वाचकांना विचारते आहे.

जुन्या अमेरिकन मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाच्या गाड्या, घेणाऱ्याला पहिली खात्री करावी लागते ती गाडी अस्सल असल्याची. साध्या गाडीवर बिल्ले चढवून, बॉनेट बदलून ती महागाची म्हणून खपवण्याचे प्रकार इथे सर्रास होतात. सतरा आकडे-अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १९८१पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली पद्धत होती. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर काचेतून दिसणारा क्रमांक २४२३७८ पी असा सुरू होतो. पहिला २ पाँटियाकचा, २४२ ही जीटीओची मालिका, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या टपाची, खिडक्यांमध्ये खांब नसलेली), ८ म्हणजे १९६८ आणि पी म्हणजे पाँटियाक शहरातला कारखाना. तिथे २३७ असतं तर ती ल मान्स, म्हणजे पाँटियाकचंच साधं मॉडेल, ठरली असती. त्या एका वर्षात ८७,६८४ जीटीओ बनल्या, त्यातली ही एक. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या भिंतीवरच्या) पत्र्याच्या पट्टीवर ०३सी आहे, म्हणजे बॉडी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली. आज गाडी लालभडक आहे, पण पट्टीवरचा रंगाचा संकेत हिरव्याचा, व्हर्दोरो ग्रीनचा आहे.

पाँटियाक ब्रँड बंद करण्याचा निर्णय जनरल मोटर्सने २००९मध्ये जाहीर केला, तरी कारखान्याच्या मूळ बिलांच्या नोंदी टिकल्या आहेत. पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे पैसे भरले की आपल्या गाडीच्या नोंदीची प्रत येते. (फोर्डवाल्यांना १९६७पासूनच्या गाड्यांसाठी असाच कागद, मार्टी रिपोर्ट, मिळतो. शेव्हरोलेवाल्यांचं नशीब इतकं चांगलं नाही.) त्या प्रतीवरून मला इंजिन, चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, रंग आणि गाडी कोणत्या डीलरकडे गेली ते कळलं. त्यावर ग्राहकाचं नाव नसतं. कारखान्याचा संबंध डीलरपाशी संपतो आणि माणसांचा इतिहास तिथून पुढे सुरू होतो.

तो सरकारकडून मिळत नाही. १९८९मध्ये लॉस एंजेलिसला रिबेका शेफर या अभिनेत्रीचा खून झाला. तिच्या मागावर असलेल्या माणसाने एका खाजगी गुप्तहेराकरवी वाहन नोंदणी खात्यातून तिचा पत्ता मिळवला होता. त्यानंतर १९९४मध्ये अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, कायदा केला आणि वाहनांच्या नोंदीतली नावं-पत्ते कुणालाही देणं बंद झालं. आता जुन्या मालकाचं नाव हवं तर त्याची स्वतःची संमती लागते, आणि ज्याचं नावच ठाऊक नाही त्याची संमती मागणार कुणाकडे? तरीही कायदा योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. मी एकटी राहते. माझ्या गाडीच्या नंबरावरून कुणी माझ्या दारापर्यंत यावं हे मला चालणार नाही.

मग उरतात कागद आणि लोक. ग्लव्हबॉक्समधल्या मालकपुस्तिकेच्या आतल्या पानावर पहिल्या मालकाने नाव लिहून ठेवलं होतं. इथल्या गावोगावच्या वर्तमानपत्रांत मृत्युलेख छापतात आणि त्यात मुलाबाळांची, भावंडांची नावं गावासकट असतात. जुन्या गाड्यांचे मालक शोधणारे सगळेच ते वाचतात. त्यातून मला त्यांच्या कन्येचा ठाव लागला. मी टपालाने पत्र धाडलं, गाडीचा फोटो जोडला आणि 'उत्तर द्यावंसं वाटलं तरच द्या' असं लिहिलं. त्यांनी जपून ठेवलेली दोन छायाचित्रं पाठवली. एकात गाडी अंगणात उभी आहे, हिरवीगार, आणि फोटोच्या कडेला छापलेला महिना आहे जुलै १९७३. दुसरं मूल झाल्यावर वडिलांनी स्टेशन वॅगन घेतली आणि ही गाडी युनिव्हर्सिटीतल्या एका भारतीय विद्यार्थ्याला विकली, एवढं त्या सांगू शकल्या.

हे कळलं त्याच सुमारास मी मागची सीट काढली. कारखान्यातली बिल्ड शीट, म्हणजे गाडीत कोणते भाग बसवायचे याचा कागद, कधी कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते, ती पाहायची होती. ती नव्हती. सीटखाली एक खिशात मावणारी वही होती, आणि आतली सगळी अक्षरं देवनागरी.

मी सुट्या भागांच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम करते. कोणता भाग कुठल्या बॅचचा, कुणी तपासला, हे मागे जाऊन शोधणं हाच माझा धंदा आहे. इतकी नेटकी नोंद मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. तारीख, मैल, गॅलन, सेंट, असे चार रकाने. सुरुवातीला पेट्रोल ३८ सेंट गॅलन आहे. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच रकान्यात ५५ दिसतं. मी हिशोब करून पाहिला, गाडी गॅलनला जेमतेम अकरा मैल जात होती. ४०० घन इंचांचं, ३५० अश्वशक्तीचं इंजिन एका विद्यार्थ्याने त्या दिवसांत कसं पोसलं असेल! मधेमधे शेरे आहेत. 'कार्बोरेटर साफ केला.' 'शिकागो, चौघे, खर्च वाटून.' 'गणपती, डेट्रॉइट.' 'आता ५५च्या वर नेता येत नाही', हा जानेवारी १९७४च्या कायद्याने देशभर आलेल्या ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेबद्दल असणार. फेब्रुवारी १९७४च्या पानावर नुसतं 'गिअरबॉक्स, १४० डॉलर' आहे.

शेवटची नोंद मे १९७५ची आहे, ६१,४०८ मैलांची. आज गाडीचा मैलमापक अठ्ठेचाळीस हजार आणि काही दाखवतो, आणि मला गाडी विकणाऱ्याने जाहिरातीत ते 'मूळ मैल' म्हणून लिहिलं होतं. त्या काळच्या मैलमापकाला पाचच आकडे असत, ९९,९९९नंतर पुन्हा शून्य. मैलमापक मागे फिरवला नसेल, तर गाडी निदान एक लाख अठ्ठेचाळीस हजार मैल चालली आहे. टायटलच्या, म्हणजे मालकीहक्काच्या, कागदावर यातलं काही कळत नाही. गाडी जुनी, म्हणून तिथे मैल नोंदवण्यातून 'सूट' एवढाच शेरा आहे. त्या वहीने बाजारातली किंमत उतरवली असेल, मला त्याचं सोयरसुतक नाही. खरा आकडा समजला हे मला जास्त मोलाचं वाटतं.

तिसरा मालक शोधायला अ‍ॅन आर्बरच्या जुन्या दैनिकातल्या छोट्या जाहिराती चाळल्या. मे १९७५मध्ये '६८ जीटीओ, हिरवी, चार गिअर, ६०० डॉलर' अशी एक सापडली, खाली फोन नंबर. तो त्या वेळच्या एका खोल्या भाड्याने देणाऱ्या घराचा निघाला. तिथे दरवर्षी मुलं बदलत, त्यामुळे त्या विद्यार्थ्याचं नाव हाती लागलं नाही. पण त्याच्याकडून ज्यांनी गाडी घेतली त्यांच्या पत्नी अजून इथल्याच लेनावी काउंटीत राहतात. शेतावरच्या कोठारात गाडी बरीच वर्षं उभी होती आणि लाल रंग त्यांच्या यजमानांनी दिला, हे त्यांनीच सांगितलं. तो मुलगा 'फार हळू बोलायचा', किल्ली देताना इंजिन थंड असताना चोक कसा वापरायचा ते त्याने पुन्हा पुन्हा समजावलं. वर्षभराने त्याचं पोस्टकार्ड आलं, पूना असा शिक्का असलेलं. गाडी कशी आहे, एवढंच त्यात विचारलं होतं. तळघरात पाणी शिरलं त्यात ते कार्ड गेलं.

ते गृहस्थ आज सत्तरीच्या पुढे असतील. आपल्या वाचकांपैकी कुणाला आपले काका, मामा, शेजारी, सहकारी यांच्याकडून मिशिगनमधल्या हिरव्या गाडीच्या गोष्टी ऐकल्याचं आठवत असेल, तर हे पत्र त्यांना दाखवावं, एवढीच विनंती. त्यांचं नाव किंवा पत्ता मला कळवू नये. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे. त्यांना वाटलं तर आपल्या कार्यालयाकडे दोन ओळी पाठवाव्यात, माझा पत्ता मी आपल्याकडे वेगळा दिला आहे.

विचारायचं खूप आहे, पण पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा. इंजिनवर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो, गिअरबॉक्सवरचा जुळत नाही. तो फेब्रुवारी १९७४मध्येच बदलला का? दुसरा कुठून आणला, आणि जुना कुठे गेला? मूळ गिअरबॉक्स अजून मिशिगनमधल्या कुणाच्या शेडमध्ये पडून असेल तर मी तो शोधायला तयार आहे. वहीच्या सगळ्या पानांच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत. मूळ वही त्यांची आहे, ते म्हणतील तिथे पाठवीन.

आपली,
एक वाचक
फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन