कौन्सिलमधल्या पोरीस, अनेक आशीर्वाद

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तुझा कौन्सिलमधला, म्हणजे इथल्या नगरपालिकेतला, शेवटचा दिवस. शेडमध्ये तुझ्यासाठी कार्ड फिरलं, त्यावर माझ्या वाट्याला कोपऱ्यातली बोटभर जागा आली. ‘थँक यू, गुड लक’ एवढंच मावलं. आपल्यात मोठ्याने लहानाचे आभार मानायची पद्धत नाही, मानले तर दोघंही अवघडतात. पण वयाने तू माझ्या मुलीएवढी असलीस तरी या कामात माझी साहेब होतीस, आणि साहेबाचे आभार मानायला हरकत नसावी. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे ठाऊक आहे. लागू दे.

पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण मेलबर्नला मुलाकडे येऊन राहिलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत. नातवाला शाळेत सोडायचं, घरी यायचं, खिडकीतून रस्ता बघायचा, तीन वाजता पुन्हा शाळेत जायचं. त्यांनाही हे वाचता यावं.

आपली पहिली भेट तुला आठवते का? लायब्ररीत तू ज्येष्ठांसाठीचं टेबल लावून बसली होतीस. मी पुस्तकं परत करायला आलो होतो. तू फॉर्म पुढे केलास आणि ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी माझं पेन अडलं. तू विचारलंस, “काका, आधी काय करत होतात?”

“बस.”

“चालवायचात?”

“नाही गं, बांधायचो.”

दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये 31 वर्षं गाड्यांची बॉडी बांधली मी. सांगाड्यावर पत्रा चढवायचा, रिव्हेट मारायचे, आसनं बसवायची. हे मी तुला सांगितलं, आणि इथे आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी त्यावर पुढचा प्रश्न विचारला. त्याच टेबलावर तू आणखी चौघांची नावं दिलीस. एक इटालियन सुतार, एक निवृत्त ट्राम ड्रायव्हर, एक शाळामास्तर, एक श्रीलंकेचा वायरमन. म्हणालीस, “व्हिक्टोरियात संस्था नोंदवायला निदान पाच सभासद लागतात. तुमच्यासकट पाच झाले.” आमची मेन्स शेड ही अशी सुरू झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेड म्हटलं की आपल्याला गोठ्याची किंवा कारखान्याची शेड आठवते. इथे घरामागच्या पत्र्याच्या खोलीला शेड म्हणतात. बाप्यांची हत्यारं, खिळ्यांचे डबे, अर्धवट सोडलेली कामं, सगळं तिथे. म्हातारपणी माणूस मोठं घर विकून लहान घरात गेला की ती खोली जाते, आणि तिच्याबरोबर त्याचा दिवसही जातो. अशा सगळ्यांची मिळून एक शेड ती मेन्स शेड. साउथ ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या मुखाजवळ गुल्वा नावाचं गाव आहे, तिथे 1993 मध्ये अशी पहिली शेड उघडली. ‘मेन्स शेड’ हे नाव 1998 मध्ये व्हिक्टोरियातल्या टोंगाला गावी लागलं. 2007 मध्ये देशभरची संघटना झाली, 2010 च्या पुरुष आरोग्य धोरणात सरकारने तिला पैसे दिले, आणि आता देशात हजाराच्या वर शेड आहेत. गुल्वाची ती शेड उभी केली मॅक्सीन चेझलिंग या बाईंनी. आमच्यातल्या एकाने (कोण ते तुला माहीत आहे) “बाईमाणसाला शेडमधलं काय कळतं” असं तुझ्याबद्दल म्हटलं होतं, तेव्हा मी त्याला गुल्वाचंच सांगितलं. गप्प बसला.

आता मुद्द्याचं. तू आम्हाला जागा दिलीस, अनुदान मिळवून दिलंस, त्याबद्दल कार्डावर सगळ्यांनी लिहिलंच आहे. मला आभार मानायचेत ते तुझ्या ‘नाही’चे.

पहिलं ‘नाही’ मला सगळ्यात लागलं. मैदानाजवळचा स्काउट्सचा जुना हॉल कौन्सिलच्या मालकीचा, वर्षानुवर्षं बंद. नुसता बघायला म्हणून चावी मिळाली आणि आम्ही पाचही जण हत्यारं घेऊनच गेलो. फळ्या ठोकायला मी भिंतीला ड्रिल लावलं. बटण दाबणार तेवढ्यात मागून तू मराठीत ओरडलीस, “काका, हात काढा!” बाकीच्यांना शब्द कळले नाहीत, पण चौघेही जागच्या जागी थांबले. दाराच्या चौकटीवर नखाएवढं पिवळं स्टिकर होतं, ते तू दाखवलंस. भिंत ॲस्बेस्टॉसची. भोक पाडलं की जी धूळ उडते तिचे तंतू छातीत जाऊन बसतात आणि तीस-चाळीस वर्षांनी उगवतात. मी हसलोच. पिंपरीला आमच्या चाळीवर तेच पत्रे होते, आपण त्यांना सिमेंटचे पत्रे म्हणतो. त्यांच्यावर आईने कुरडया वाळवल्या, आणि चेंडू काढायला मी शंभरदा त्यांच्यावर चढलो. तू हसली नाहीस. म्हणालीस, ऑस्ट्रेलियात हा माल 2003 च्या अखेरीपासून पूर्ण बंद आहे, आणि तो काढेपर्यंत या दारातून कोणी आत जाणार नाही. चावी मागून घेतलीस. त्या दिवशी घरी येऊन मी सुनेला म्हणालो, मराठी मुलगी आहे पण भारी कडक आहे.

मग कागद. हे लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. पत्रे काढायचं काम मालमत्ता खात्याचं की इमारत खात्याचं, हे ठरायला कौन्सिलने सात महिने घेतले. सात. एस.टी.तला माणूस मी, फाइल कशी झोपते ते मला कोणी शिकवायला नको, पण मला वाटलं होतं की इथे तरी... असो. त्या सात महिन्यांत आमचा ट्राम ड्रायव्हर गेला. शेडची हौस सगळ्यात जास्त त्यालाच. हॉल त्याने त्या एका दिवशी पाहिला तेवढाच. तू त्याच्या अंत्यविधीला आलीस, मागच्या रांगेत बसलीस. “सॉरी, सिस्टीम अशीच आहे” असं काही बोलली नाहीस. सोमवारी मात्र फोन केलास आणि फाइल कोणत्या टेबलावर आहे, आम्ही कोणाला, कोणत्या शब्दांत पत्र लिहायचं, ते सांगितलंस. तीन आठवड्यांत पत्रे काढणारी माणसं आली, पांढरे झगे घालून.

करारनाम्याचा दिवस तर मी विसरणारच नाही. 34 पानं. भाडं वर्षाला एक डॉलर, मागितला तर. याला इथे ‘पेपरकॉर्न रेंट’ म्हणतात, म्हणजे मिऱ्याच्या दाण्याएवढं भाडं. (पहिल्या वर्षी आमच्या सुताराने खरोखरच पाकिटात एक मिरी घालून पाठवली होती. तिचं पुढे काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस.) भाडं एवढं कमी बघून आम्ही खूश, सगळे सही करायला निघाले. तू म्हणालीस, “मी कौन्सिलची नोकर आहे. मी तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही. पण एखादं पान मोठ्याने वाचू शकते.” आणि पान 19 वाचलंस. चहाचा घोट घेतलास. पुन्हा पान 19 वाचलंस.

तेव्हा मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. कोणाची जबाबदारी काय, याचा तो तक्ता होता. बल्ब बदलणं आमचं, झुरळं आमची, पन्हाळीतला पाला आमचा, इथवर ठीक. पण त्याच ओळीत पन्हाळही आमची होती, आणि पन्हाळीला जोडून छप्परही. साठ वर्षांचं छप्पर! गळलं असतं तर एका पावसाळ्यात संस्था बुडाली असती, मिरीसकट. आम्ही रीतसर लेखी विचारलं, आणि दुसऱ्या मसुद्यात छप्पर कौन्सिलकडे गेलं. पाला आमच्याकडेच राहिला. मला ही वाटणी रास्त वाटते.

मास्तरांना वीस वर्षांचा करार हवा होता. त्यालाही तू ‘नाही’ म्हणालीस. 2020 च्या स्थानिक शासन कायद्याप्रमाणे दहा वर्षांचा किंवा त्याहून मोठा भाडेकरार करायचा तर तो अर्थसंकल्पात दाखवावा लागतो, नाहीतर लोकांपुढे ठेवून त्यांचं मत घ्यावं लागतं. “आत्ता तुम्हाला कोणी ओळखत नाही,” तू म्हणालीस, “पाच वर्षांचा घ्या, शेजाऱ्यांना ओळखीचे व्हा, मग मोठा मागा.” खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं तू कौन्सिलचीच बाजू घेतेस. घेतच होतीस. पण शेजारच्या बाईंनी रंध्याच्या मशीनच्या आवाजाची तक्रार केली, तेव्हा आम्ही वेळ नऊ ते तीन करून त्यांच्या फाटकाचं बिजागर दुरुस्त करून दिलं, आणि आता त्याच आमच्यासाठी केक आणतात. ही अक्कल आम्हाला तुझ्या पाच वर्षांच्या अटीने आली.

शेवटचं ‘नाही’ भुशाचं. सगळं तयार होतं, पट्टा करवत, लेथ, ड्रिल, आणि धूळ ओढणारं यंत्र नव्हतं म्हणून तू उद्घाटन अडवलंस. लाकडाचा भुसा कर्करोग करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 मध्येच जाहीर केलंय, हे मला तुझ्याकडून कळलं. सुतार म्हणाला, मी पन्नास वर्षं भुसा खाल्लाय. तू म्हणालीस, “म्हणूनच.” अर्धे पैसे कौन्सिलच्या अनुदानातून आले, अर्धे आम्ही बनिंग्ज या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाच्या दारात सॉसेज विकून जमवले. माळकरी आईचा मुलगा मी, सॉसेजला हात लावला नाही, कांदा परतायला उभा राहिलो. तिथेही नियम! कांदा सॉसेजच्या खाली घालायचा, वर नाही. वरून पडला तर त्यावर कोणी घसरेल. चार शनिवार कांदा परतला. आज मी शेडचा सेफ्टीवाला आहे, आणि नवीन माणसाला मशीन शिकवल्याशिवाय, त्याची सही घेतल्याशिवाय हात लावू देत नाही. लोक मला कडक म्हणतात. कोणाकडून शिकलो ते मी सांगत नाही.

कौन्सिलचं पहिलं काम तूच आणलंस, उद्यानांसाठी पक्ष्यांच्या पेट्या. जुन्या झाडांना ढोल्या पडायला शंभर वर्षं लागतात, तेवढी जुनी झाडं आता उरली नाहीत, म्हणून पोपटांसाठी लाकडी घरं. कागदावर ठळक लिहिलं होतं, भोकाखाली बसायची काडी लावू नये, त्याने ‘इंडियन मायना’ची सोय होते. मायना म्हणजे आपली साळुंकी! 1862 च्या सुमारास किडे खायला म्हणून गोऱ्यांनीच ती मेलबर्नला आणली, आणि आता ती इतरांच्या ढोल्या बळकावते म्हणून बदनाम. वाचून सगळ्या बाकावर शांतता पसरली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, “मला काडी नको, मला खुर्ची द्या.” इतकं हसणं त्या हॉलने स्काउट्सच्या काळातही ऐकलं नसेल. त्या दिवसापासून माझ्या कपावर साळुंकीचं चित्र आहे.

एवढं बोलून झाल्यावर एक राहिलं, तेच खरं सांगायचं होतं.

मागच्या वर्षी तू आजीचा पोळपाट घेऊन आलीस, मधोमध चिरलेला. चिकटवून भागणार नव्हतं. मी ब्लॅकवूडची फळी काढली, लेथवर गोल केली, खाली तीन पाय बसवले, मधे कणभर उतार ठेवला, जुन्यालाही होता म्हणून. इटालियन सुताराला वाटलं मी पिझ्झासाठी काहीतरी करतोय. पोळपाट तुझ्या हातात दिला तर तू म्हणालीस, काका, कौन्सिलच्या माणसाला ज्यांचं काम तो बघतो त्यांच्याकडून भेट घेता येत नाही. मी म्हटलं, अगं, पोळपाट आहे. तू डब्यात 40 डॉलर टाकलेस, मास्तरांकडून पावती घेतलीस, आणि मगच तो पिशवीत घातलास. मला त्या दिवशी राग आला होता. रात्री सुनेला सांगितलं, तर ती म्हणाली, बरोबर केलं तिने.

पोळपाटाला लाटणं लागतं. ते मी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून तेव्हाच करून ठेवलंय, मधे जरा जाड, दोन्ही टोकांना निमुळतं. सेफ्टीच्या कपाटात, गॉगलच्या मागे आहे. शुक्रवारी पाच वाजता तुझी नोकरी संपते. मंगळवारी आम्ही नऊ ते तीन उघडे असतो. पावती मिळणार नाही.

तुझा,
दापोडीचा काका